तलफ, टर्की आणि जपमाळ

मुलगा रिट्रीटहून आठवड्याने परतला तेव्हा शेजारीसुद्धा म्हणाले, चेहरा किती उजळलाय. रविवारी मिस्सानंतर त्याने सगळ्यांसमोर साक्ष दिली. आई पहिल्या बाकावर बसून रडली. तिसऱ्या आठवड्यात एके रात्री तो अकराला घरी आला आणि त्याच्या डोळ्यांकडे बघूनच तिला कळलं. दुसऱ्या दिवशी तिने फादरांना एवढंच विचारलं, “फादर, देवाने आमचं ऐकलं नाही, की ह्याचाच विश्वास कमी पडला?”

नावगाव बदलून हा प्रसंग वसई-वांद्र्याच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत घडलेला आहे. इतर घरांत तो नवसाच्या आणि गंडेदोऱ्यांच्या भाषेत घडतो, एवढाच फरक. आईच्या प्रश्नाला दोनच दारं आहेत. एकातून गेलं तर देव खोटा पडतो, दुसऱ्यातून गेलं तर मुलगा. मला वाटतं, खरा घोटाळा घड्याळाचा आहे. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या आत एकाच वेळी दोन घड्याळं चालू असतात आणि रिट्रीट संपलं तेव्हा त्यातल्या एकाचाच फेरा पूर्ण झालेला होता.

टँकर बंद झाला की

ह्या मुलाचं व्यसन गर्दचं. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, हे हेरॉइनचं भेसळीचं रूप. कूळ अफूचं. वेदना आणि भीती आटोक्यात ठेवायला आपलं शरीरही अफूसारखीच रसायनं थोडीथोडी बनवत असतं. त्यांना एंडॉर्फिन म्हणतात. दारात रोज टँकर उभा राहायला लागला की घरची विहीर उपसायचं कोण मनावर घेतं? शरीराचंही तसंच होतं. बाहेरून भरमसाट पुरवठा सुरू झाला की आतलं कामकाज त्या पुरवठ्याच्या हिशेबाने बसतं. मग एक दिवस टँकर येत नाही.

शेवटच्या डोसनंतर साधारण ८ ते १२ तासांत जांभया सुरू होतात, नाक-डोळे गळतात, अंगावर काटा येतो, हाडं कुणी पिळल्यासारखी दुखतात, जुलाब होतात, झोप उडते. मुंबई-पुण्याच्या गर्दच्या दुनियेत ह्याला ‘टर्की’ म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेला पोचते आणि आठवडा-दहा दिवसांत बरीचशी ओसरते.

आठवडा-दहा दिवस. हे पहिलं घड्याळ, शरीराचं. रिट्रीटचा मुक्कामही साधारण तेवढाच. म्हणजे मुलाचा चेहरा उजळला होता तो खराच उजळला होता, त्यात नाटक नव्हतं. टर्कीच्या रात्री कुणी शेजारी बसून स्तोत्रं म्हणत असेल, कपाळावर हात ठेवत असेल, तर त्या रात्री नक्की सुसह्य होतात. पण डॉक्टरांच्या औषधांनी त्या कितीतरी अधिक सुसह्य होतात, आणि दोन्ही एकाच वेळी करायला कुठल्याही धर्मग्रंथाची आडकाठी नाही.

इथे थोडं थांबतो, कारण पुढची गोष्ट जिवाशी आहे. रोज भरपूर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याने त्या एकाएकी बंद केल्या तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, कधी मृत्यूही ओढवतो. “आजपासून फक्त प्रार्थना” असं म्हणून अशा माणसाला खोलीत बसवणं हा धोका आहे. गर्दच्या बाबतीत धोका वेगळ्या बाजूने येतो. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची ती झेपवण्याची ताकद उतरते. मग पाय घसरल्यावर माणूस सवयीने जुनाच डोस घेतो, आणि जो डोस पूर्वी पचायचा त्यानेच श्वास थांबू शकतो. त्या तिसऱ्या आठवड्यातल्या रात्री मुलगा जिवंत घरी आला, ही पहिली बातमी आहे. बाकीचं नंतर.

झोपेतही कळणारं स्टेशन

दुसरं घड्याळ फार हळू चालतं. विरारहून चर्चगेटला पंधरा वर्षं जाणारा माणूस लोकलमध्ये उभ्याउभ्या डुलकी काढतो आणि आपलं स्टेशन यायच्या अर्धा मिनिट आधी बरोबर जागा होतो. त्याला कुणी उठवत नाही. रुळांचा खडखडाट, गाडीचं वळण, कुठल्याशा कारखान्याचा वास, ह्या खुणा मेंदूने टिपून ठेवलेल्या असतात. त्याने नोकरी बदलली तरी काही महिने पाय जुन्याच प्लॅटफॉर्मकडे वळतात.

हे टिपून ठेवण्याच्या कामात डोपामिन नावाचं रसायन पुढे असतं. त्याला लोक ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, ते अर्धवट आहे. ते जास्त करून वर्दी देतं: येतंय, येतंय, तयार राहा. नशेमुळे डोपामिनचा जो लोंढा येतो तो वडापावने किंवा शाबासकीने कधीच येत नाही. म्हणून नशेच्या आसपासच्या खुणा मेंदूत फार खोल कोरल्या जातात. चॉकलेटवरचा चंदेरी कागद, काडी ओढल्याचा आवाज, पुलाखालचा एक ठरावीक खांब, पगाराची तारीख, एका मित्राची शिट्टी. शरीर नशेपासून स्वच्छ झालं म्हणून ह्या खुणा पुसल्या जात नाहीत. त्यांच्यातली एखादी समोर आली की तलफ उठते, आणि माणसाने ठरवण्याआधीच उठते.

कपाळामागच्या मेंदूच्या भागाकडे ब्रेकचं काम असतं. “थांब, काल काय झालं आठव,” असं सांगणारा तो भाग. दीर्घकाळच्या नशेत हे ब्रेक झिजतात आणि भूक, राग, एकटेपणा किंवा थकवा आला की आणखीच सैल पडतात. ते पुन्हा घट्ट व्हायला महिने लागतात, काहींना वर्षं. रिट्रीटच्या आवारात ना तो खांब होता, ना ती शिट्टी. घरी आल्यावर सगळंच होतं.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांना ही अवस्था अनोळखी नाही. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल ह्याच कोंडीबद्दल बोलतो: करायचं ते होत नाही, नको ते हातून होतं. ते वाक्य लिहिणाऱ्याचा विश्वास कमी होता असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

वीस मिनिटांची लाट

मग प्रार्थना नेमकं काय करते? आधी तलफेचा स्वभाव बघू. आत असलेल्या माणसाला वाटतं, ही आता वाढतच जाणार, घेतल्याशिवाय सुटका नाही. प्रत्यक्षात तलफ लाटेसारखी असते. चढते, माथ्यावर येते, फुटते. तिला खाद्य घातलं नाही तर बहुतेक वेळा पंधरा ते तीस मिनिटांत ती उतरणीला लागते. पुन्हा येते, पण दर वेळी उतरतेही. उपचारांत माणसाला हेच शिकवतात: लाटेशी कुस्ती करू नकोस, तिच्यावर तरंगत राहा.

आता जपमाळ हातात घ्या. पाच दशकं, म्हणजे दहा-दहांचे पन्नास मणी, आणि सुरुवातीचे व मधले थोडे. सावकाश म्हटली तर पंधरा-वीस मिनिटं. व्यसनमुक्तीचा विचार करून कुणी ती रचली नव्हती, पण माप बसतं. बोटांना काम मिळतं आणि ओठांनाही. किती मणी उरले हे कळतं, म्हणजे वेळेला टोक आहे हेही कळतं. तलफेत नेमकं हेच कळेनासं होतं.

श्वासाचीही गोष्ट आहे. इटलीतले संशोधक लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली ‘नमो मरिया’ म्हणायला लावली, मग एक योगमंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाची लय श्वासाशी अधिक जुळली. प्रार्थना आणि मंत्र एकाच गतीवर आले, हे मला त्यातलं सर्वांत गोड वाटतं. अर्थात संथ म्हटली तरच. आमच्याकडे काही घरांत संध्याकाळची जपमाळ डाळ शिजायच्या आत संपवायची शर्यत असते. तिचा श्वासाला काही उपयोग होत असेल असं वाटत नाही.

न्यूयॉर्कमधले मार्क गॅलँटर आणि सहकारी ह्यांनी २०१६ साली मेंदूचं स्कॅनिंग करून पाहिलं. दारू सोडून बराच काळ झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ह्या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या २० सदस्यांना दारूची चित्रं दाखवली. आधी वर्तमानपत्रातला मजकूर वाचून, मग संघटनेच्या प्रार्थना म्हणून. प्रार्थनेनंतर तलफ कमी नोंदली गेली आणि लक्ष व भावना सांभाळणाऱ्या भागांत हालचाल वाढलेली दिसली. वीस माणसांवरून जगाचा निकाल लागत नाही. आणि ही माणसं वर्षानुवर्षं सराव केलेली होती. पोहणं बुडताना शिकता येत नाही, तसंच हेही. तलफ नसतानाच्या शांत संध्याकाळी जी प्रार्थना अंगवळणी पडते, तीच तलफेत हाताशी येते.

डब्लिनच्या मॅट टॅलबटने हे कुठल्याही संशोधकाच्या आधी ओळखलं होतं. हा हमाली-मजुरी करणारा माणूस कोवळ्या वयातच दारूत बुडाला. १८८४ साली, २८व्या वर्षी, त्याने दारू सोडण्याची शपथ घेतली, तीही फक्त तीन महिन्यांची. जन्मभराची घ्यायचं धाडस नव्हतं. मग ती वाढवली, मग कायमची केली आणि १९२५ साली मिस्साला जाताना रस्त्यात मरण आलं तोवर पाळली. काम सुटल्यावरचा वेळ सर्वांत वाईट, म्हणून तो तेव्हा चर्चमध्ये जाऊन बसायचा. खिशात पैसे ठेवायचा नाही, असं त्याचे चरित्रकार सांगतात. भक्ती होतीच. पण तिच्या जोडीला त्याने जुना रस्ता, जुनी वेळ आणि खुळखुळणारा खिसा, ह्या तिन्ही खुणा आयुष्यातून काढून टाकल्या.

दुसऱ्याने केलेली प्रार्थना

आईला हा भाग कठीण जाईल. १९९७ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संशोधकांनी दारूवर उपचार घेणाऱ्या ४० जणांचे दोन गट केले. एका गटासाठी दूरवरून लोक नेमाने प्रार्थना करत होते, दुसऱ्यासाठी नाही. दोन्ही गटांच्या पिण्यात एकमेकांच्या तुलनेत फरक दिसला नाही. ह्याउलट जे स्वतः अधिक वेळा प्रार्थना करत होते, त्यांचं पिणं मधल्या काही आठवड्यांत कमी दिसलं. आणखी एक विचित्र नोंद आहे: “घरचे माझ्यासाठी प्रार्थना करतात” असं आधीच सांगणारे सहा महिन्यांनी जास्त पीत होते. प्रार्थनेने पिणं वाढलं असा अर्थ काढायची घाई नको. ज्याची अवस्था जास्त बिकट, त्याच्याच घरचे जास्त गुडघे टेकतात, हे आपण रोज बघतो.

देव ऐकतो की नाही, हे असल्या प्रयोगांतून मोजता येत नाही. मोजता येतं ते इतकंच की मुलाच्या पाठीमागे, त्याला न सांगता केलेली प्रार्थना त्याच्या संध्याकाळच्या सहा वाजताच्या तलफेत शिरत नाही. आई त्याला म्हणाली, “चल, दोघं मिळून एक दशक म्हणू,” तर शिरते.

एकट्याने पेलायची नसते

‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली ती एका ख्रिस्ती प्रार्थना-चळवळीच्या कुशीत. तिच्या बारा पायऱ्यांतली पाचवी पायरी सांगते की आपल्या चुका देवापुढे, स्वतःपुढे आणि आणखी एका माणसापुढे कबूल करायच्या. ‘आणखी एक माणूस’ हे कलम फार शहाणपणाचं आहे. देवापुढे कबुली देताना आपण बऱ्याचदा डोळे मिटून घेतो. समोर माणूस बसला की ते जमत नाही. याकोबाच्या पत्रात एकमेकांपुढे पापं कबूल करायला सांगितलं आहे ते बरं होण्यासाठीच. गर्द आणि इतर अमली पदार्थांसाठीची ‘नार्कोटिक्स अनॉनिमस’ १९५३ पासून ह्याच वाटेने चालते.

दारूच्या व्यसनावर अशा गटांचा उपयोग होतो का, ह्याचा मोठा आढावा २०२० साली निघाला. २७ अभ्यास, दहा हजारांहून अधिक माणसं. ह्या गटांशी जोडून देणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांच्या तोडीचे, काही ठिकाणी सरस ठरले. हे कशामुळे घडतं ह्याचा शोध घेणाऱ्यांना सर्वांत मोठं कारण सापडलं ते मित्र बदलण्याचं. रात्री दहाला फोन उचलणारा आणि न पिणारा मित्र. अध्यात्माचा वाटा आहे, पण तो ह्या माणसांमधून वाहत येतो.

आपल्याकडे वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात १९८१ साली फादर जो परेरा ह्यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. तिथे बारा पायऱ्यांच्या जोडीला योगासनं आली. पुण्याचं मुक्तांगण १९८६चं. त्यामागे डॉ. अनिता अवचट आणि गर्दवर लिहून महाराष्ट्राला हलवणारे अनिल अवचट होते. मुक्तांगण कुठल्या एका धर्माचं नाही, तरीही दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. माणसांना गोल करून बसवतात आणि बोलायला लावतात.

> चौकट: तलफ आली तर
>
> जागा सोडा. चालत निघा, शक्यतो माणसांकडे.
> एकाला फोन करा. “मला आत्ता तलफ आलीय,” एवढंच पुरे.
> काही खा, पाणी प्या. अर्धी तलफ कधीकधी भुकेची असते.
> मोठ्याने, संथ प्रार्थना करा. पाठ असलेली असली तर उत्तम. नसेल तर अशी:
>
> “प्रभू, आत्ता साडेसहा वाजलेत. मला तलफ आलीय आणि मला भीती वाटतेय. उद्याचं मी मागत नाही. सात वाजेपर्यंत माझ्याजवळ बस. सात वाजता मी पुन्हा बोलेन.”
>
> डॉक्टरांनी दिलेली औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. माणूस बेशुद्ध असेल, श्वास मंद असेल, ओठ निळे पडले असतील तर आधी रुग्णवाहिका, मग प्रार्थना. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक: १४४४६.

कुठले शब्द लागतात

‘गर्दुल्ला’ हा शब्द आपण किती सहज वापरतो. त्यात माणूस उरतच नाही. चर्चच्या भाषेतही असे शब्द आहेत, फक्त त्यांना गंध चांगला असतो. “तुझा विश्वास पक्का असता तर...” हा त्यातला सर्वांत घातक. शरम ही स्वतःच एक खूण असते. ती असह्य झाली की माणूस तिच्यापासून सुटका शोधतो, आणि सुटकेचा एकच रस्ता त्याच्या मेंदूला तोंडपाठ असतो. वेदीसमोर उभं करून “आईची शपथ घे, पुन्हा कधीच नाही,” असं वदवून घेणाऱ्यांनी मॅट टॅलबटचे तीन महिने आठवावेत.

औषधांचंही तसंच. ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं अफूच्या कुळातलीच असतात, पण तलफ आणि टर्की आवरून धरतात आणि अतिडोसाने येणारा मृत्यू टाळायला मदत करतात. “ही पण नशाच की, देवावर भरवसा ठेव,” असं सांगणारे सद्गृहस्थ स्वतःची रक्तदाबाची गोळी सकाळी न चुकता घेतात.

ज्याला धीर द्यायचाय त्याला प्रार्थनापुस्तकातली आनंदी पानंच वाचून दाखवायला हवीत असं नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी तक्रारीची, विलापाची आहेत. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. तरी ते प्रार्थनेतच धरलेलं आहे. घसरलेल्या माणसाला हे सांगावं. चिडून, रडून, काही न मागता केलेली प्रार्थनाही मोजली जाते. पौलाने आपल्या देहातला काटा काढून टाकण्यासाठी तीनदा विनवणी केली होती. काटा निघाला नाही, सोबत मिळाली.

बाकी बोलायचंच तर साधं बोलावं. जेवलास का? मीटिंगला येतोस का, मी बाहेर थांबतो. आज कितवा दिवस? पहिला? बरं.

ज्यांना तीस वर्षं परमप्रसाद मिळाला नाही

चीनमधल्या हबेई प्रांतात मार्क जी तिएनशियांग नावाचे एक डॉक्टर होते. ‘जी’ हे त्यांचं आडनाव, आपल्याकडचं आदराचं ‘जी’ नव्हे. जन्म १८३४चा. गरिबांवर उपचार करणारे, भाविक कॅथलिक. पोटाच्या आजारावर त्यांनी स्वतःला अफू दिली आणि तिच्या कह्यात गेले. ते पुन्हा पुन्हा पापनिवेदनाला जात, तेच ते पाप सांगत. शेवटी धर्मगुरूंनी ठरवलं की ज्याला खरा पश्चात्ताप आहे तो सोडून दाखवेल. व्यसन हा आजार असतो ही समज तेव्हा फारशी रुजलेली नव्हती. त्यांना संस्कार नाकारले गेले. सुमारे तीस वर्षं.

ह्या तीस वर्षांत त्यांची अफू सुटली नाही. प्रार्थनाही सुटली नाही. १९०० साली बॉक्सर बंडात ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली तेव्हा त्यांनाही कुटुंबासह पकडलं. धर्म सोडला तर जीव वाचणार होता. मुलं-नातवंडं मारली जाणार हे दिसल्यावर त्यांनी एक विनंती केली: मला शेवटी मारा, म्हणजे माझ्या घरातलं कुणी एकटं मरणार नाही. ७ जुलैला त्यांचा शिरच्छेद झाला. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी चीनच्या १२० हुतात्म्यांना संत घोषित केलं, त्यात त्यांचं नाव होतं.

ती आई आता रोज संध्याकाळी साडेसहाला मुलाबरोबर एक दशक म्हणते. एकच, पण संथ. घसरण्यानंतरचा त्याचा हा एकोणिसावा दिवस आहे. डाळ मागाहून शिजते.